शरद नेरुळकर मला आवडत नाही, त्याला तसाच राहू द्या

प्रति,
मराठी चित्रपटांचे निर्माते आणि वाहिन्यांसाठी, ओटीटीसाठी मराठी कथा निवडणारी सर्व मंडळी

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात शास्त्रीय गाण्याचा वर्ग चालवते. तुमच्या व्यवसायाशी माझं नातं फक्त प्रेक्षकाचं. थिएटरात तिकीट काढून बसते, घरी वर्गणी भरून पाहते, आवडलेला चित्रपट चार जणांना आग्रह करकरून पाहायला लावते. तुमच्या बैठकांमध्ये माझ्यासारखीच्या नावावर एक गोष्ट सारखी खपवली जाते असं कळलं, म्हणून हे पत्र लिहिते आहे. ती गोष्ट अशी की, नायक प्रेक्षकांना आवडलाच पाहिजे, नाहीतर ते चित्रपटाकडे फिरकणार नाहीत.

माझ्याकडे लहानपणी गाणं शिकलेला एक मुलगा आता पटकथा लिहितो. त्याची एक पटकथा मध्यंतरी परत आली. गोष्ट एका निवृत्त मुख्याध्यापकाची आहे. माणूस कडक, हिशेबी, सुनेला टोचून बोलणारा, शाळेत असताना पोरांना धडकी भरवणारा. शेरा असा होता की लिखाण उत्तम आहे, पण या माणसाबद्दल सहानुभूती वाटत नाही. सुरुवातीलाच त्याच्या हातून एखादं चांगलं काम होताना दाखवा आणि शेवटी त्याला सुनेची माफी मागू द्या. तो मुलगा शेरा वाचून दाखवत होता आणि मला एकसारखा 'द डिसायपल' आणि त्याचा नायक शरद नेरुळकर आठवत होता.

तुम्ही तो पाहिलाच असेल. चैतन्य ताम्हाणे यांचा हा मराठी चित्रपट २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात मुख्य स्पर्धेत होता. २००१च्या 'मॉन्सून वेडिंग'नंतर त्या स्पर्धेत पोचलेला हा पहिलाच भारतीय चित्रपट. तिथे त्याला पटकथेचं पारितोषिक मिळालं, आंतरराष्ट्रीय समीक्षक संघटनेचंही मिळालं. 'रोमा'चे दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोन त्याचे कार्यकारी निर्माते. एप्रिल २०२१ मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. मी पटकथेच्या पारितोषिकावर मुद्दाम बोट ठेवते आहे. हीच पटकथा निनावी होऊन तुमच्या टेबलावर आली असती, तर तिच्यावर तोच शेरा पडला असता याची मला खात्री आहे.

शरद नेरुळकर हा मुंबईत राहणारा विशीतला गायक. म्हाताऱ्या गुरुजींकडे शिकतो, आजीकडे राहतो, जुनी दुर्मीळ ध्वनिमुद्रणं विकणाऱ्या एका छोट्या ठिकाणी काम करतो. वडिलांनाही गायक व्हायचं होतं, ते राहून गेलं. पुढे शरद चाळिशीकडे झुकतो, अंगाने सुटतो, शाळेत गाणं शिकवायला लागतो. मेहनत आहे, निष्ठा आहे, आणि तरीही गळ्यात ती गोष्ट नाही, हे हळूहळू त्याच्याही लक्षात यायला लागतं. एवढं वाचल्यावर कोणालाही वाटेल की बिचारा आहे. मला तो बिचारा वाटला नाही. मला त्याचा राग आला, आणि दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा जास्त आला.

त्याच्या एका विद्यार्थ्याचा प्रसंग आहे. मुलाला कॉलेजच्या फ्यूजन बँडमध्ये गायचं असतं, म्हणून आई परवानगी मागायला येते. बाई अदबीने बोलते. शरद सांगतो की खुशाल जाऊ दे, पण मग त्याने माझ्याकडे परत यायचं नाही. प्रसंग एवढाच. अशा आया माझ्याकडे दर वर्षी येतात. कधी बँड असतो, कधी वाहिनीवरची स्पर्धा, कधी गणपतीतला ऑर्केस्ट्रा. शिक्षकाला नाही म्हणावं लागतं तेव्हा त्यामागे कारण असतं. मुलाचा आवाज फुटत असतो, खर्ज अजून बसलेला नसतो, माइकवर ओरडून गळा बसेल ही भीती असते. शरदच्या नकारात यातलं काही नाही. स्वतःला जे मिळालं नाही, त्याची वसुली तो त्या पोराकडून करतो आहे. मी तो प्रसंग पाहताना रिमोट उचलून चित्र थांबवलं आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले.

दुसरा प्रसंग एका जुन्या संग्राहकाबरोबरचा. हा गृहस्थ जाणता आहे, तिखट जिभेचा आहे. ज्या माईंना, म्हणजे गुरुजींच्या गुरूंना, शरद देवाच्या जागी मानतो, त्यांच्याबद्दल तो चार कडवट गोष्टी सांगतो. त्या खऱ्या असतील किंवा नसतील. शरद त्याला प्रश्न विचारत नाही, प्रतिवाद करत नाही, त्याच्या तोंडावर पाणी फेकतो आणि उठतो. आई फोनवर विचारपूस करते तर तिच्यावर करवादतो. इंटरनेटवर आपल्या गाण्याखाली कोणी वाईट लिहिलेलं वाचतो आणि त्याचा चेहरा असा होतो की जगानेच कट केला आहे. रात्री माईंच्या तोंडून संन्याशाचं व्रत ऐकतो आणि घरी येऊन संगणकासमोर एकटा बसून जे पाहतो तेही चित्रपट लपवत नाही.

चांगलं काहीच नाही का? आहे. गुरुजींची सेवा तो मनापासून करतो. त्यांचं अंग रगडतो, आजारपणात धावपळ करतो. पण ही सेवा दिग्दर्शकाने त्याच्या बाजूचा पुरावा म्हणून समोर ठेवलेली नाही. एका विद्यार्थ्याला दारातून परत पाठवणारे हात तेच आहेत.

आता चित्रपट कसा बांधलेला आहे ते पाहा, कारण माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे.

सुरुवातीला गुरुजींची मैफल चालू आहे. शरद मागे तंबोऱ्याला बसला आहे. कॅमेरा अगदी सावकाश त्याच्याकडे सरकतो. त्या चेहऱ्यावर भक्ती आहे, आणि नीट पाहिलं तर हावही आहे, की हे मला कधी येणार. गुरूमागे तंबोरा घेऊन बसलेल्या प्रत्येकाने हा चेहरा आतून अनुभवलेला असतो. पुढे शरदचं जे काही बिघडतं, त्याचं बी त्या पहिल्या मिनिटांतच दिसतं, आणि त्यासाठी एकही वाक्य खर्ची पडत नाही.

मग मोटारसायकलवरचे प्रसंग. रात्रीची मुंबई, मोकळे रस्ते, कानात माईंची व्याख्यानं, तंबोऱ्याचा नाद, आणि सगळं मंदावलेल्या गतीत. माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. 'दोघी', 'अस्तु', 'कासव' करणाऱ्या सुमित्राताई. चित्रपट नेटफ्लिक्सवर यायच्या थोडे दिवस आधी, १९ एप्रिल २०२१ रोजी त्या गेल्या. माई पडद्यावर कधी दिसत नाहीत. त्या शांत, ठाम स्वरात सांगतात की या वाटेवर एकटेपणाची आणि उपाशी राहण्याची तयारी लागते. ऐकताना आपणही भारावतो. पण तिसऱ्या-चौथ्या खेपेला लक्षात येतं की हे भारावणंच शरदला पोकळ करत चाललं आहे. तो रियाजापेक्षा रियाजाच्या कल्पनेत जास्त रमतो. इतकं सुंदर चित्रण आणि इतका घातक परिणाम, दोन्ही एकाच दृश्यात. मराठी चित्रपटात हे मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

गाण्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. शरद झालेले आदित्य मोडक स्वतः शास्त्रीय गायक आहेत. गुरुजी झालेले अरुण द्रविड हे मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर यांच्याकडे शिकलेले. संगीताची आखणी तबलावादक अनीश प्रधान यांची. म्हणजे ओठ हलवणारे नट आणि मागून वाजणारा दुसऱ्याचा आवाज, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार इथे नाही. आणि म्हणूनच एक अवघड गोष्ट साधली आहे. शरदचं गाणं वाईट नाही. सूर लागलेला असतो, बंदिश पाठ असते, समेवर तो बिनचूक येतो. पण आलापात पुढची जागा कोणती येणार ते आधीच कळतं. तान येते ती मोजून आणल्यासारखी. गुरुजी गाताना राग उलगडत जातो आणि शरद गाताना तो तपासला जातो. गायकाने मुद्दाम बेसूर गायचं तर ते कोणालाही जमेल. निर्दोष आणि तरीही निर्जीव गाणं पडद्यावर उभं करणं, आणि शास्त्रीय संगीत न ऐकणाऱ्यालाही त्यातला फरक जाणवेल असं करणं, यासाठी गाणाऱ्याला, लिहिणाऱ्याला आणि दिग्दर्शकाला आपापलं काम पुरतं कळावं लागतं.

आणि कॅमेरा लांब राहतो. स्पर्धेत शरदचं नाव पुकारलं जात नाही, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी तरारलेलं दाखवायला कोणी जवळ जात नाही. तुम्ही इथे सारंगी वाजवली असती. चाळिशीच्या अलीकडे तो एका मैफलीत गाता गाता थांबतो आणि मंचावरून उठून जातो. तबला, पेटी, श्रोते, सगळे जागच्या जागी. तेव्हाही चित्रपट आपल्याला सांगत नाही की आता रडा. मला रडू आलं नाही. मला पहिल्यांदाच त्याच्याबद्दल आदर वाटला, आणि तरीही तो आवडला नाही. या दोन गोष्टी एकत्र वाटू शकतात, हे त्या प्रसंगात मला कळलं.

तुम्ही म्हणाल, वाईट नायक आम्ही दाखवतोच की. दाखवता. पण कोणत्या अटीवर, ते सांगते. 'कट्यार काळजात घुसली' या १९६७च्या नाटकातले खाँसाहेब घ्या. मत्सराने जळणारा माणूस. पण वसंतराव देशपांडे यांच्या गळ्यातून ते गायला लागले की मत्सर कोणाच्या लक्षात राहिला? २०१५च्या चित्रपटातही तेच. खाँसाहेबांना आपण त्यांच्या गाण्यापोटी माफ करतो. सत्यजित राय यांचा १९५८चा 'जलसाघर' घ्या. जमीनदार विश्वंभर राय हा हट्टी, गर्विष्ठ, सावकाराच्या पोरावर कुरघोडी करायची म्हणून उरलीसुरली पुंजी मैफलीवर उधळणारा. जलशासाठी बायको-मुलाला बोलावून घेतो आणि ती दोघं वादळात जीव गमावतात. या माणसाबद्दल प्रेम वाटायचं काही कारण नाही. पण छबी विश्वास यांचा तो रुबाब, विलायत खाँसाहेबांचं संगीत, बेगम अख्तर यांची ठुमरी, तो ओस पडत चाललेला वाडा! त्याच्या पडण्यातही वैभव आहे. 'सामना' चित्रपटातला हिंदुराव तर उघड खलपुरुष, पण निळू फुले यांनी त्याला असा रंगवला की त्याच्या पुढच्या वाक्याची आपण वाट पाहतो.

म्हणजे वाईट माणूस तुम्हाला चालतो आणि आम्हालाही चालतो, फक्त तो मोठा हवा. त्याच्याकडे प्रतिभा हवी, सत्ता हवी, निदान थाट हवा. शरदकडे यातलं काही नाही. त्याचे दोषही लहान आहेत : खुनशीपणा नाही, कुढेपणा आहे, क्रौर्य आहे, पण तेही एका विद्यार्थ्यापुरतं. असा माणूस दोन तास मध्यभागी ठेवायचा, त्याला कोणतीही सूट द्यायची नाही, आणि प्रेक्षकाला जागचं हलू द्यायचं नाही. 'द डिसायपल' मला या सगळ्या मोठ्या कलाकृतींपेक्षा एका बाबतीत धाडसी वाटतो, तो इथे.

आणि हे करताना तो शरदवर अन्याय करत नाही. लहानपणीचे प्रसंग येतात. बाहेर पोरं खेळत असतात आणि वडील याला रियाजाला बसवतात. स्वतःला न जमलेलं वडिलांनी मुलाच्या खांद्यावर ठेवलं, ते आपल्याला स्वच्छ दिसतं. दिसतं म्हणून शरद सुटत नाही. तुमच्या शेऱ्यात या दोन गोष्टींची गल्लत होते असं मला वाटतं. माणूस असा का झाला ते दाखवा, ही मागणी योग्य आहे, ती जरूर करा. त्यामुळे तो आवडायला लागला पाहिजे, ही मागणी वेगळी आहे आणि ती चुकीची आहे.

ताम्हाणे यांच्या आधीच्या 'कोर्ट'मध्येही हेच होतं. त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. गीतांजली कुलकर्णी यांनी केलेली सरकारी वकील आठवा. एका लोकशाहिराला कैदेत डांबण्यासाठी ती कलमं अशी वाचते की वाण्याची यादी वाचते आहे. नंतर आपण तिच्यामागून लोकलने तिच्या घरी जातो, मुलाला घेताना, स्वयंपाक करताना, कुटुंबाबरोबर नाटकाला बसलेली पाहतो. ती आपल्या शेजारची बाई आहे. शेजारची आहे म्हणून कोर्टातलं तिचं वागणं सौम्य होत नाही, उलट जास्त भिववतं.

'द डिसायपल'मधलं मला सगळंच पटलं असं नाही. शाश्वती नावाच्या मुलीचा तो उपकथानकाचा धागा, वाहिनीच्या स्पर्धेत साधी मुलगी म्हणून येणारी आणि हळूहळू चकचकीत होत जाणारी, मला थोडा सोपा वाटला. शरद ते पाहतो आहे, म्हणून ते शरदच्या नजरेतून आहे असं म्हणता येईल. तरी वाहिनीवर गाणारी मुलगी म्हणजे घसरलेली मुलगी, हे समीकरण माझ्या गळी उतरत नाही. माझ्याच वर्गातल्या काही मुली अशा स्पर्धांना जाऊन आल्या आणि परत येऊन नेटाने यमन घोटायला बसल्या.

वर्गातल्या मोठ्या मुलांना मी हा चित्रपट मुद्दाम दाखवला. नंतर जे भांडण जुंपलं, तसं आवडत्या नायकावरून कधी जुंपत नाही. एक जण म्हणाला, बँडच्या बाबतीत शरद बरोबर आहे, कोणीतरी ठाम राहायला हवं. एक मुलगी म्हणाली, मी या माणसाकडे एक दिवससुद्धा शिकले नसते. तिसऱ्याने गुरुजींनाच धरलं : त्यांना ऐकू येत होतं ना, मग इतकी वर्षं सांगितलं का नाही? हा प्रश्न मला टोचला, कारण तो माझ्यापर्यंत येतो. आम्ही शिकवणारे पुष्कळदा सांगत नाही. मेहनत कर, होईल, असं म्हणतो. फी येत असते, मुलाचा उत्साह मोडवत नाही, आणि कोण जाणे, उद्या जमेलही. भांडण संपल्यावर एक मुलगा मागे थांबला आणि त्याने विचारलं, "ताई, माझ्याबद्दल खरं सांगाल?" तो इतकी वर्षं माझ्याकडे येतो आहे, हे त्याने आधी कधीच विचारलं नव्हतं. मी त्याला खरं सांगितलं. मैफलीचा गायक होशील असं मला वाटत नाही, पण तुझा कान फार चांगला आहे आणि तू उत्तम शिकवशील. तो थोडा वेळ गप्प झाला, मग पुढच्या आठवड्यात नेहमीसारखा वर्गाला आला.

शरद जर गोड असता, तर हे झालं नसतं. गोड नायकाच्या अपयशाचं आपल्याला वाईट वाटतं, डोळे पुसून आपण घरी जातो आणि त्याचं नशीब त्याच्याजवळ राहतं. न आवडणारा नायक आपल्याला असं मोकळं सोडत नाही. याच्यात आणि माझ्यात काय वेगळं आहे, ते प्रत्येकाला आपापलं शोधत बसावं लागतं. शरदमध्ये मला माझ्या ओळखीची माणसं दिसली, गायकच नव्हेत, तर नाटकवाले, कवी, स्पर्धा परीक्षांमध्ये ऐन उमेदीची वर्षं घालवलेले, आपल्याला जमलं नाही याचा राग घरच्यांवर काढणारे. अशी माणसं महाराष्ट्रात घरोघर आहेत. त्यांच्यावर चित्रपट निघत नाहीत, कारण ती आवडण्यासारखी नाहीत.

धंद्याचं म्हणाल तर 'द डिसायपल'सारखे चित्रपट गल्ला भरत नाहीत, हे मला मान्य आहे. तुमच्याकडे हिशेब असतात आणि माणसांचे पगार असतात. पण ज्या चित्रपटांत नायकाला पहिल्याच प्रसंगात म्हातारीला रस्ता ओलांडायला लावलेला असतो, तेही दर शुक्रवारी रिकाम्या थिएटरांत पडताना मी पाहते. आवडता नायक ही गल्ल्याची हमी नाही. मग ज्या लेखनात जीव आहे, त्याचा जीव तेवढ्यासाठी का घ्यायचा?

माझं मागणं काही फार नाही.

पटकथा परत पाठवताना 'सहानुभूती वाटत नाही' एवढ्यावर थांबू नका. माणूस खोटा वाटत असेल तर तसं लिहा. त्याचं वागणं मागच्यापुढच्याशी जुळत नसेल, कंटाळा येत असेल, त्याच्याकडे पाहत राहावंसं वाटत नसेल, तर जरूर लिहा. लेखकाला त्याचा उपयोग होईल. चांगलं काम करणारा एखादा प्रसंग वरून डकवायला सांगू नका. प्रेक्षकाला ते ठिगळ दिसतं.

शेवटच्या दहा मिनिटांत माफी, अश्रू आणि आलिंगन यांची सक्ती करू नका. माणसं बदलतात तेव्हा ती बदललेली दाखवा. शरद शेवटी गाणं मंचावर गात नाही, जुन्या संगीताचा एक उद्योग सुरू करतो, संसारात पडतो, आणि लोकलमध्ये एक गरीब माणूस गात गात डब्यातून जातो त्याच्याकडे पाहत बसतो. तो सुधारला का? सुखी झाला का? आमच्या वर्गात यावरही दोन तट पडले.

आणि प्रेक्षकांच्या नावाने काही ठरवण्याआधी प्रेक्षकांना भेटा. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून चालू आहे, पुण्यात आशय फिल्म क्लब आहे, गावोगावी लहान मंडळं आहेत. तिथे शाळामास्तर येतात, बँकेतून निवृत्त झालेले येतात, कॉलेजची मुलं येतात. कच्चा चित्रपट, नाहीतर नुसती पटकथा, अशा वीस-पंचवीस जणांपुढे वाचून दाखवा. नायक आवडला का, हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारा. आधी विचारा की तो ओळखीचा वाटला का, आणि पुढे त्याचं काय होतं हे जाणून घ्यावंसं वाटलं का.

असा एखादा चित्रपट काढलात, तर तो ठाण्यात लागेल त्या पहिल्याच आठवड्यात मी आणि माझ्या वर्गातली मोठी मुलं रांगेत उभं राहून तिकिटं काढू. बाहेर पडल्यावर त्या माणसाला मनसोक्त नावं ठेवू, आणि दुसऱ्या दिवशी आणखी चौघांना तो पाहायला पाठवू.

आपली,
ठाण्यातली एक गाणं शिकवणारी प्रेक्षक